बस्त्यांतील नांवें आणि यंत्राचा डोळा

दफ्तर हा शब्द फारसींतून आला. परंतु मराठी मनाला तो इतका घरचा झाला कीं, शाळकरी मुलाच्या पिशवीलाहि तेंच नांव मिळालें. राज्यकारभाराच्या दफ्तराची गोष्ट मात्र निराळी. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. निजामी मुलुखांतील कचेऱ्यांत तशाच बांधणीला बस्ता म्हणतात. फडकें तेंच, गांठ तीच. आंतील लिपि, सन आणि भाषा तेवढ्या वेगळ्या. अशा बस्त्यांतून एखादें नांव शोधून काढणें हें काम आजवर डोळ्यांचें आणि चिकाटीचें होतें. अलीकडे त्या कामीं कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे पुष्कळ उदाहरणें पाहून लेख ओळखण्यास शिकणारी संगणकाची शक्ति, येऊं पाहत आहे. ती कोठें उपयोगी पडेल आणि कोठें फसवील ह्याचा विचार करण्यास मराठवाड्याइतका योग्य प्रदेश क्वचितच सांपडेल. कारण येथें जुन्या कागदांतील एका शब्दावर आज मुलाच्या कॉलेजप्रवेशाचा आणि नोकरीचा निकाल लागत आहे.

नांदेड जिल्ह्यांतील मुदखेड हें गांव रेल्वेनें प्रवास करणाऱ्यांस जंक्शन म्हणून परिचित आहे. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि येथूनच आदिलाबादकडे फांटा फुटतो. तालुक्याचा मान मात्र मुदखेडला विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस मिळाला. १९९१ च्या शिरगणतीच्या वेळीं नांदेड जिल्ह्यांत आठ तालुके होते. आज सोळा आहेत. ह्याचा साधा अर्थ असा कीं, मुदखेड तालुक्याचें जुनें दफ्तर मुदखेडच्या नांवावर शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं. तें शोधावयाचें तर ज्या तालुक्यांतून हीं खेडीं निघालीं त्याच्या बस्त्यांत शोधावें लागेल. त्यांत आणखी एक मौज. ह्याच जिल्ह्यांत मुखेड नांवाचा तालुका आहे, आणि १९५६ पर्यंत मुधोळ नांवाचाहि होता. मुदखेड, मुखेड, मुधोळ! उर्दू लिपींत पहिल्या दोन नांवांत फरक केवळ एका ‘दाल’ अक्षराचा. घाईच्या हातानें लिहिलेल्या लेखांत तो दाल कोठें विरघळून जाईल ह्याचा नेम नाहीं.

आतां हे कागद निर्माण कसे झाले तें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हैदराबाद राज्याचा महसूल बहुतांशीं मक्त्यानें वसूल होई. मक्तेदारांत सावकार होते, सरदार होते. आणि हिशेबाचीं मुख्य दफ्तरें रायरायान व मालवाले ह्या दोन वंशपरंपरागत घराण्यांच्या हातीं होतीं. राज्याचा जमाखर्च राज्यकर्त्याहून दफ्तरदारास अधिक ठाऊक असावा, अशी ती स्थिति. १८५३ सालीं दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगानें ती मोडण्यास आरंभ केला. १८६५ सालीं जिल्हाबंदी झाली, पगारी अधिकारी नेमले गेले, आणि मागाहून जमिनीची मोजणी सुरू झाली. १८८३ सालीं सालारजंग वारला. त्यानंतर लवकरच कचेरीची भाषा फारसी जाऊन उर्दू आली. अर्थात् एकाच शेताचे तीन तऱ्हेचे कागद उत्पन्न झाले: जुनी सनद किंवा इनामपत्र फारसींत, तहसिलींतील नोंद उर्दूंत, आणि गांवच्या पटवाऱ्याची वही मराठींत, मोडी लिपींत. पटवारी आपल्या वहींत शेतकऱ्याचें नांव एका रीतीनें लिही, आणि कारकून तेंच नांव उर्दूंत उतरवून घेतांना दुसऱ्या रीतीनें लिही.

सनांचीहि तीच गत. ह्या कागदांवर बहुधा फसली सन असतो. हैदराबादचें फसली वर्ष आझूर महिन्यानें, म्हणजे ऑक्टोबरांत, सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविले कीं त्या वर्षाच्या आरंभीचा इसवी सन येतो. जानेवारीपासून पुढें ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे फसली १३४८ हें १९३८ च्या ऑक्टोबरांत सुरू होऊन १९३९ मध्यें संपलें. मराठेशाहीच्या कागदांवर शुहूर सन येतो, तो मृगसालीं बदलतो. शकाचा हिशेब पुन्हां निराळा. आंकडेहि सरळ असतील असें नाहीं. जुन्या फारसी हिशेबांत रकमा सियाक नांवाच्या पद्धतीनें मांडलेल्या असतात. त्यांत आंकडा म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दाचें झिजून उरलेलें रूप असतें. ज्यानें ती पद्धति शिकलेली नाहीं त्याला ते आंकडे आहेत हेंसुद्धां कळावयाचें नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५० च्या कूळ कायद्यानें कुळांच्या नोंदी नव्यानें झाल्या. १९५४-५५ सालीं खासरा पाहणी झाली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली, आणि सीमेबरोबर दफ्तरहि फाटलें. मुधोळ तालुक्याचा मोठा भाग आणि देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हीं मंडळें आंध्राकडे गेलीं. उलट आदिलाबाद जिल्ह्यांतील किनवट इकडे आलें. माणसें आपापल्या घरीं राहिलीं. त्यांची नोंद मात्र कोणाची नांदेडांत, कोणाची आदिलाबादेंत, कोणाची औरंगाबादेंत राहिली, आणि राजधानीचें मूळ दफ्तर तर हैदराबादेंतच राहिलें. त्या दफ्तरांत शहाजहान व औरंगजेब यांच्या काळचेच दीड लाखांहून अधिक कागद आहेत, ह्यावरून त्याच्या विस्ताराची कल्पना यावी.

पुष्कळ वर्षें ह्या बस्त्यांची आठवण जमिनीचे वकील आणि इतिहासाचे अभ्यासक ह्यांखेरीज कोणाला होत नसे. ती एकाएकीं सर्वांस झाली २०२३ सालीं. मराठा आरक्षणाचें आंदोलन जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथें पेटलें. मराठवाड्यांतील मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची कुणबी म्हणून नोंद निजामकालीन कागदांत आहे काय, हें तपासण्यासाठीं शासनानें त्याच सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. कुणबी ही जाति महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गांच्या यादींत आहे. त्या वर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख प्रमाण धरली जाते. तेव्हां त्या दिवसापूर्वींचा कागद मिळाला तर दाखल्याचा मार्ग मोकळा होतो, न मिळाला तर अडतो.

मग कोणकोणते कागद काढले गेले ह्याची यादी पाहिली तर समाजाचें एक विलक्षण चित्र उभें राहतें. खासरापत्रकें, पाहणीपत्रकें, कूळनोंदवह्या आणि हक्कनोंदी हीं तर होतींच. शिवाय जन्ममृत्यूचा गांवनमुना चौदा, शाळांच्या प्रवेशनिर्गमाच्या वह्या, १९५१ चें नागरिकांचें रजिस्टर, खरेदीखतें, ताडीच्या नोंदवह्या, पोलिसांचे अटकपंचनामे आणि तुरुंगांतील कैद्यांचीं रजिस्टरें हींहि होतीं. आजोबांनीं केव्हां तरी रागाच्या भरांत शेजाऱ्याचें डोकें फोडलें असेल, तर त्या गुन्ह्याच्या नोंदींतील जातीचा रकाना नातवाच्या उपयोगीं पडावा, असा हा दैवाचा खेळ!

हें काम मुख्यतः माणसांच्या डोळ्यांनीं झालें. मोडीचे वाचक, उर्दूचे वाचक आणि फारसीचे वाचक धुंडाळून आणावे लागले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें समितीचा पहिला अहवाल स्वीकारला, तेव्हां मराठवाड्यांतील सुमारें १ कोटि ७२ लक्ष कागद तपासून ११,५३० कुणबी नोंदी सांपडल्याचें जाहीर झालें. दर पंधराशें कागदांमागें एक नोंद, असें हें प्रमाण पडतें. पुढें समितीचें क्षेत्र सर्व राज्यभर वाढविलें गेलें. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याची पद्धति ठरली आणि गांवपातळीवर चौकशीसाठीं समित्या नेमल्या गेल्या. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गॅझेटिअरांत जातींचीं संख्या असते, व्यक्तींचीं नांवें नसतात. अमुक जिल्ह्यांत इतके कुणबी होते, एवढें तें सांगतें. मुदखेडजवळच्या अमुक खेड्यांतील अमुक माणूस त्यांत होता कीं नाहीं, हें सांगण्याचें सामर्थ्य फक्त गांवच्या वहींत आहे. म्हणून फिरून फिरून शोध बस्त्याशींच येऊन थांबतो.

हें काम यंत्राकडे सोंपवितां येईल काय? परदेशांत तसे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेंत शिरगणतीचीं मूळ पानें बहात्तर वर्षें गुप्त ठेवण्याचा नियम आहे. त्यामुळें १९५० च्या शिरगणतीचीं पानें १ एप्रिल २०२२ रोजीं खुलीं झालीं, आणि त्या दिवशींच हस्ताक्षरांतील नांवांची यंत्रानें केलेली सूचि लोकांच्या हातीं देण्यांत आली. तेथील राष्ट्रीय अभिलेखागारानें एक शहाणपण केलें: यंत्राचें वाचन अंतिम न मानतां, ज्याला आपल्या आजीचें नांव चुकलेलें दिसेल त्याला तें दुरुस्त करण्याची सोय ठेवली. हॉलंडांतहि तेथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांचीं लाखों पानें यंत्रानें वाचून घेतलीं गेलीं आहेत. ह्या कंपनीची एक वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यास होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही वार्ता आपणांस तितकीशी परकी वाटणार नाहीं.

परंतु रोमन लिपि आणि मोडी ह्यांत अंतर आहे. मोडी लिहिणारा प्रथम ओळभर शिरोरेघ ओढतो आणि मग तिला अक्षरें लटकवीत जातो. शब्द कोठें संपला ह्याची खूण नसते; ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो; बोरू उचलावा लागूं नये म्हणून अक्षरें एकमेकांत वळविलेलीं असतात. संगणकाच्या अक्षरसंग्रहांत, म्हणजे युनिकोडांत, मोडीला स्थान मिळालें तेंच मुळीं २०१४ सालीं. २०२५ सालीं रुडकीच्या आय.आय.टी. मधील संशोधकांनीं मोडीचें पान पाहून थेट देवनागरी पाठ देणारें एक मॉडेल पुढें मांडलें. त्याच्या शिक्षणासाठीं शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही काळांतील दोन हजारांहून किंचित् अधिक प्रतिमा तज्ज्ञांच्या वाचनासह जमविल्या होत्या. आरंभ म्हणून ही गोष्ट मोठी आहे. परंतु ज्या दफ्तरांत कागदांची मोजदाद कोटींनीं होते त्याच्यापुढें दोन हजार पानें म्हणजे समुद्रांतील ओंजळच होय.

यंत्र वाचतें म्हणजे काय करतें? प्रथम तें पानावरील रकाने आणि ओळी वेगळ्या काढतें. मग ओळीची आकृति, पूर्वीं पाहिलेल्या आकृतींशीं ताडून, अक्षरांत बसवितें. अक्षर अस्पष्ट असेल तेथें मागील-पुढील शब्दांवरून जें सर्वांत संभाव्य तें निवडतें. माणूसहि असेंच करतो. पण माणसाला शंका येते, तो पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह काढतो आणि शेजाऱ्याला विचारतो. यंत्राचा पाठ मात्र, शंका असो वा नसो, सारख्याच स्वच्छ टंकांत समोर येतो. खरा धोका आहे तो येथेंच. उर्दूंत ‘कुणबी’ हा शब्द काफ, नून, बे आणि ये ह्या चार अक्षरांनीं लिहितात. मधल्या नून आणि बे ह्यांना शब्दाच्या पोटांत स्वतःचा आकार जवळजवळ नसतोच. दोहोंचा दांता सारखाच, एकाला नुक्ता वर, दुसऱ्याला खालीं. शिकस्ता वळणांत कारकून नुक्ते गाळून टाकी. ते गाळले आणि दांता एखादा आखूड पडला, म्हणजे तोच शब्द ‘कतबी’, म्हणजे लेखी, असाहि वाचतां येतो; आणि कचेरीच्या कागदांत ‘लेखी’ हा शब्द कांहीं विरळा नव्हे. मोडींत नुसता ‘कु’ असा संक्षेप आला तर तो कुणबी, कूळ कीं कुलकर्णी? रकान्याचें शीर्षक पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं, आणि शीर्षक पुष्कळदां दहा पानें मागें असतें.

मुदखेड-मुखेडाची अडचणहि ह्याच जातीची आहे. मुखेड हें तालुक्याचें ठिकाण मुदखेडच्या आधींपासून. म्हणून अलीकडच्या कागदांत त्याचें नांव अधिक वेळां आलेलें असणार. जें अधिक वेळां पाहिलें त्याकडे यंत्राचा कल असतो. पुसट दाल असलेलें मुदखेड त्यानें परस्पर मुखेड करून टाकलें, तर एका गांवच्या कुटुंबाची नोंद दुसऱ्या गांवच्या सूचींत जाऊन बसेल. आणि जें सूचींत चुकलें तें यंत्रयुगांत हरवल्यासारखेंच, कारण एकदां सूचि झाली कीं बस्ता सोडण्यास कोणी जात नाहीं.

वर सांगितलेल्या प्रमाणावर थोडें गणित करून पाहण्यासारखें आहे. समजा, एखादें यंत्र इतकें तरबेज आहे कीं हजार कागदांत एकदांच तें नसलेली कुणबी नोंद आहे म्हणून दाखवितें. ऐकणाऱ्याला हें उत्तम वाटेल. परंतु १ कोटि ७२ लक्ष कागदांवर अशा खोट्या नोंदी १७,२०० होतील. म्हणजे माणसांनीं शोधलेल्या खऱ्या नोंदींहून अधिक! उलट तेंच यंत्र दहा खऱ्या नोंदींतील एक न दिसतां सोडून देत असेल, तर साडेअकराशेंच्या आसपास नोंदी पुन्हां अंधारांत राहतील. पहिल्या चुकीनें ज्यांच्या वाट्यांत वाटेकरी वाढतो ते इतर मागासवर्गीय दुखावतील. दुसऱ्या चुकीनें ज्याचा हक्क बुडतो त्याला तर आपला हक्क बुडाला हें कळणारहि नाहीं. म्हणून ‘शेंकडा नव्याण्णव अचूक’ असल्या जाहिरातीनें अशा कामीं हुरळून जाण्यांत अर्थ नाहीं. जेथें शोधावयाची वस्तु दुर्मिळ आहे तेथें यंत्राचा कौल हा केवळ चौकशीचा आरंभ होऊं शकतो.

ह्याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे असा नव्हे. पंधराशें कागदांपैकीं चौदाशें माणसाच्या नजरेखालून जाण्याचें कारण उरलें नाहीं, तर तेवढ्यानेंहि दुर्मिळ झालेल्या मोडीवाचकाचा केवढा वेळ वांचेल! कोणत्या पानांवर जातीचा रकाना आहे, कोणतीं पानें कोरीं आहेत, कोणतीं उर्दू आणि कोणतीं मोडी, फसली सन कोणता, एवढी वर्गवारी यंत्रानें केली तरी फडताळ अर्धें सुसूत्र होईल. सनांचें रूपांतर तर तें कधीं न थकतां करील. फक्त ह्या सोयीसाठीं दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली ही कीं, यंत्रानें दिलेल्या प्रत्येक शब्दाशेजारीं मूळ कागदाची प्रतिमा, बस्त्याचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक असलाच पाहिजे. दाखला जो मिळावयाचा तो कागदावर मिळावा, यंत्राच्या पाठावर नव्हे. दुसरी, बस्त्यांतील कागदांचा क्रम. प्रतिमा घेण्याच्या घाईंत गांठी सुटतात, पानें वेगळीं होतात, आणि पुन्हां बांधतांना ज्याला जसें सुचेल तसें बांधलें जातें. कोणता कागद कोणत्याच्या मागें होता ह्यांतच पुष्कळदां त्याचा अर्थ असतो. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापूं लागले. पुढें गोविंद सखाराम सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत बाहेर पडले. त्या निवडींत बहुतेक राजकारणी पत्रें आलीं. कुळांच्या याद्या आणि गांवचे ताळेबंद रुमालांतच राहिले, कारण तेव्हां ते कोणाला महत्त्वाचे वाटले नाहींत. पुढच्या पिढीला काय महत्त्वाचें वाटेल हें निवडणाऱ्यास ठाऊक नसतें. आज केवळ ‘कुणबी’ हा एक शब्द शोधण्यासाठीं यंत्र शिकविलें, तर उद्यां इनामजमिनीचा, विहिरीचा किंवा दुष्काळांतील तगाईचा शोध घेणारा पुन्हां रिकाम्या हातीं परतेल.

मराठवाड्याच्या कामाला जें मॉडेल हवें तें मराठवाड्याच्याच हातांनीं लिहिलेल्या पानांवर शिकविलें पाहिजे. पुण्याच्या फडावरील कारकुनाचें सुबक वळण पाहून शिकलेलें यंत्र नांदेडकडील पटवाऱ्याच्या मोडीपुढें अडखळेल. आणि छापील उर्दूवर वाढलेलें यंत्र तहसिलींतील शिकस्त्यापुढें गप्प बसेल किंवा, त्याहून वाईट, बोलत सुटेल. एका जिल्ह्यांतील, निरनिराळ्या हातांचीं, निरनिराळ्या दशकांतील कांहीं हजार पानें निवडून तीं दोन स्वतंत्र वाचकांकडून वाचून घेणें, आणि जेथें दोघांचा पाठ जुळत नाहीं तेथें तिसऱ्याचा निर्णय घेणें, हें ह्या कामांतील सर्वांत खर्चाचें आणि सर्वांत अवघड अंग होय. त्याला यंत्र लागत नाहीं, वाचक लागतात. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फें मोडीचे वर्ग चालतात, आणि त्यांतून तरुण वाचक तयार होत आहेत. परंतु मोडी आणि कचेरीची उर्दू ह्या दोन्ही लिपि ज्यांनीं पुस्तकांतून नव्हे, तर पटवाऱ्याच्या ओट्यावर बसून उचलल्या, अशी पिढी निजामी अंमल संपला तेव्हां दहा-बारा वर्षांची होती. त्यांतील जे कोणी आज हयात असतील त्यांनीं वयाचीं पंचाऐंशीं वर्षें ओलांडलीं आहेत.